चिमुरड्यांचं गाणं ऐकताना

सध्या दर दोन दिवसांनी असा एखादा व्हिडिओ समोर येतोच. चार-साडेचार वर्षांचं मूल, अंगात नवाकोरा झब्बा, शेजारी पेटी, आणि एखादी बंदिश ते अशी काही म्हणतं की बघणारा थक्क होतो. तान आली की खोलीतले सगळे एकदम ‘व्वा’ म्हणतात. तोच व्हिडिओ पुन्हा लावा आणि गाणं सुरू होण्याआधीचे दहा सेकंद ऐका. तानपुरा चालू आहे, मूल इकडेतिकडे बघतंय, बोटाने सतरंजीचा सुटलेला धागा ओढतंय. मग कुणी न सांगता ते हळूच ‘सा’ लावतं. पहिल्यांदा किंचित उतरलेला लागतो. अर्ध्या क्षणात तो वर सरकतो आणि तानपुऱ्यात मिसळून जातो. आधीचा सूर उतरला होता हे त्याला कुणी सांगितलं? त्याला षड्ज म्हणजे काय हे माहीत नाही, अजून नीट बुटाची नाडी बांधता येत नाही. तरी त्याने स्वतःचा आवाज ऐकला, बाहेरचा सूर ऐकला, दोन्ही ताडून पाहिले आणि गळ्याला हुकूम दिला. मला या जागी दरवेळी भरून येतं.

तान वाईट असं म्हणायचं नाही. पण या वयातली तान बहुतेक वेळा श्लोकासारखी पाठ झालेली असते. मनाचे श्लोक घडाघडा म्हणणारी मुलं आपल्याकडे घरोघरी असतात, तीच स्मरणशक्ती इथे सुरांवर चालते. ती मोठीच गोष्ट आहे. मात्र आपण टाळी जिथे वाजवतो तेच मूल पुढे वाढवत नेतं. तानेला टाळी मिळाली की ते तानच घोटत बसतं, आणि स्वतःचा सूर स्वतः सुधारणारा तो कान मागे राहतो.

हा कान येतो फार लवकर. गर्भात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमाराला ऐकू यायला लागतं, आणि आईच्या बोलण्याचा चढउतार बाळापर्यंत पोचतो. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी तीन ते पाच दिवसांच्या बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांच्या रडण्यात सूर चढत जात होता, जर्मन बाळांच्या उतरत होता, आपापल्या भाषेच्या वळणाने. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच पहिला ठोका गाळला. बाळांच्या मेंदूने त्याची नोंद घेतली! दुसरा एखादा हलका ठोका गाळला तर तशी नोंद होत नव्हती. थोडक्यात, सम चुकली हे झोपेतल्या बाळालाही कळतं. झाकीर हुसेन जन्मल्यावर उस्ताद अल्लारखाँनी त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले, ही आठवण झाकीरभाई स्वतः सांगत. ऐकणारा किती दिवसांचा होता याने काही बिघडलं नव्हतं.

मग सगळीच मुलं सुरात का गात नाहीत? कारण कान तयार असला तरी गळा एका ठरावीक क्रमाने मागून येतो. आधी शब्द बसतात, शब्दांबरोबर लय बसते. त्यानंतर चालीचा नकाशा, म्हणजे सूर कुठे वर जातो आणि कुठे खाली येतो. नेमकं किती वर आणि किती खाली, हे त्यापुढे. आणि सगळ्यात शेवटी पट्टी, म्हणजे गाण्याने आधाराला धरलेला सा, टिकते. तीन वर्षांचं मूल पावसाचं गाणं एका पट्टीत सुरू करून तिसऱ्या ओळीला भलत्याच पट्टीत पोचतं, ते म्हणूनच. ते बेसूर नाही, पायरीवर आहे. पट्टी साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमाराला स्थिरावते. त्याआधी ‘हिला गळा नाही’ असा शिक्का मारणं हा सरळ अन्याय आहे, आणि हा शिक्का जन्मभर टिकतो. चाळिशीतली किती माणसं सांगतात, शाळेत मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं.

परीक्षा कशी घ्यावी याचा एक जुना, अतिशय सुंदर नमुना आहे. १७६५ साली लंडनमध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाच्या कायदेपंडिताने नऊ वर्षांच्या मोझार्टची परीक्षा घेतली. वडील मुलाचं वय लपवत असतील अशी शंका होती, म्हणून त्याने साल्झबर्गहून जन्माची नोंदही मागवली. मोझार्टने कधी न पाहिलेली, वाद्यं आणि गळे मिळून पाच भागांत लिहिलेली हस्तलिखित रचना त्याने समोर ठेवली. बोटं इतकी लहान की पाच पट्ट्यांचं अंतर जेमतेम गाठायची, तरी मुलाने ती वाजवली आणि गायली. मग बॅरिंग्टनने त्याला प्रेमाचं आणि रागाचं गाणं जागेवर रचायला सांगितलं, तेही केलं. एवढ्यात मांजर आलं. मुलगा वाद्य सोडून मांजरामागे गेला आणि बराच वेळ परत येईना. मधूनच तो काठीचा घोडा करून खोलीभर पळत होता. हे सगळं बॅरिंग्टनने आपल्या अहवालात लिहून ठेवलं, आणि तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या १७७० च्या खंडात छापला गेला. पाठ असलेलं त्याने ऐकलं नाही. न पाहिलेलं पुढे ठेवलं, आणि मांजराचीही नोंद केली.

आपल्या घरातही हे करता येतं. मूल चार वर्षांचं असेल तर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, कमी आवाजात, म्हणजे मुलाला स्वतःचा गळा ऐकू येईल. तीन सुरांची कधी न ऐकवलेली जागा गा, सा-ग-रे किंवा सा-रे-नी, ‘आ’कारात आणि एकदाच. मुलाला परत म्हणू द्या. जमलं तर चार सूर. चुकलं तर ‘चुकलं’ म्हणू नका, तीच जागा पुन्हा गा. मूल दुसऱ्या वेळी स्वतःहून दुरुस्त करतं का, एवढंच बघा, कारण पहिल्या वेळच्या अचूकतेपेक्षा ती दुरुस्ती जास्त बोलते. पट्टी टिकते का हे पाहायचं तर तानपुरा बंद करून एक अख्खं गाणं म्हणू द्या आणि संपताच तानपुरा पुन्हा सुरू करा. शेवटचा सा जुळला की कळतंच, मूल स्वतःच हसतं.

लयीसाठी तीनतालापासून सुरुवात नको. सोळा मात्रांचं आवर्तन या वयाला लांब पडतं. केरवा घ्या, आठ मात्रा, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत. एक आवर्तन चार सेकंदांत होतं. मूल टाळ्या देत असताना अ‍ॅपचा आवाज एका आवर्तनापुरता शून्यावर न्या आणि परत वाढवा. आवाज परत येतो तेव्हा मुलाची टाळी समेवर असेल, तर लय त्याच्या आत चालू आहे. लय मुद्दाम फार संथ ठेवू नका. चार-पाच वर्षांच्या मुलाची स्वतःची चाल मोठ्या माणसाच्या जवळजवळ दीडपट जलद असते, संथ लयीत ते पुढे पळतं आणि ‘तालात कच्चा’ ठरतं. गावाकडे संध्याकाळी हरिपाठाला मोठ्यांच्या रांगेच्या टोकाला टाळ घेऊन उभं राहिलेलं पोर पाहा. पावली टाकताना त्याचा टाळ ज्या ठाम जागी पडतो, ते त्याला कुणी मात्रा मोजून शिकवलेलं नसतं. पाय शिकतात, मग हात.

आता पट्टी. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो आणि तो फुकटात सुधारता येतो. चार-पाच वर्षांच्या मुलाचा आरामाचा पल्ला पाच-सहा सुरांचा असतो, पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून, म्हणजे पांढरी एकपासून, साधारण पांढरी सहापर्यंत. क्लासमधल्या बाई स्वतः त्याखालच्या सप्तकातल्या काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गातात, तोच तानपुरा सगळ्यांना लावला जातो. त्या पट्टीत मुलाचा खालचा सा गळ्यात विरून जातो, पुटपुटल्यासारखा येतो, आणि आई-बाबांना वाटतं मूल बेसूर आहे. सा मधल्या पांढरी एक किंवा काळी एकवर नेला की तेच मूल त्याच दिवशी सुरात येतं. गुरुजी पुरुष असतील आणि काळी एकमध्ये गात असतील, तर मूल आपोआप एक सप्तक वर गातं आणि पट्टी बरोबर बसते. तरी लहानग्यांना जाड आवाजावरून सूर उचलणं जड जातं, त्यामुळे पहिले काही महिने गुरुजींनी पेटीवर तो सूर वरच्या सप्तकात वाजवून द्यावा.

उलटा घोळ कराओकेचा. मूळ गायिकेच्या पट्टीतला ट्रॅक लावतात, मूल तारसप्तकात किंचाळतं, मानेच्या शिरा फुगतात, आणि ‘काय ताकद आहे आवाजात’ म्हणून कौतुक होतं. प्रौढ बाईचे स्वरतंतू ११ ते १५ मिलिमीटर, पुरुषाचे १७ ते २१. मुलाचे त्याहून बरेच आखूड. शिवाय ताण पेलणारा त्यांच्यातला आतला थर जन्मतः नसतोच, तो एक ते चार वर्षांच्या दरम्यान दिसू लागतो आणि पूर्ण व्हायला किशोरवय उलटावं लागतं. अशा गळ्यावर रोज तास-तास जोर पडला की तंतूंच्या कडेला गाठी येतात. खूण ओळखायची तर सकाळी आवाज बरा आणि संध्याकाळी घोगरा, हळू गाताना सूर फाटणं, बोलतानाही घशात हवा मिसळल्यासारखी वाटणं. सर्दी नसताना घोगरेपणा दोन-तीन आठवडे राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ज्येष्ठमधाच्या कांडीवर भागवू नका. या वयाला सलग दहा मिनिटं गाणं पुरे, हवं तर दिवसातून दोनदा. उरलेला वेळ ऐकण्याचा.

ऐकायला तानपुरा हवा, पेटी एकटी पुरत नाही. पेटीचा गंधार, म्हणजे ग, तानपुऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. एका स्वराचे, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर चौदा भागांनी. तानपुऱ्यात गंधाराची तार नसते. तरी खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार, नीट लागला, जवारी उघडली, म्हणजे तारेचा झणत्कार मोकळा झाला, की त्याच्या पोटातून गंधार आपोआप ऐकू येतो. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्यासमोर मुलाला दोन मिनिटं नुसतं बसवा आणि विचारा, अजून कोण गातंय? बरीच मुलं तो गंधार गाऊन दाखवतात. मोठ्यांना तो दाखवून द्यावा लागतो.

कुमार गंधर्वांचं उदाहरण इथे टाळता येत नाही. ८ एप्रिल १९२४ ला बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र कोमकली लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गायचा. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, त्यात आलाप, बंदिश, तान, सगळा राग आटवलेला. लहान मुलाच्या स्मरणाला इतका बेतशीर घास दुसरा नसेल. १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला आणि जाणकार अवाक झाले. पण त्यानंतर जे झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. प्रो. बी. आर. देवधरांकडे तो शिकायला राहिला, आणि दहा-अकरा वर्षं राहिला. नक्कल करणाऱ्या मुलाला सूर, राग, त्यांची कारणं कळत गेली, तेव्हा कुठे नंतरचे कुमारजी झाले. गावोगाव जलसे लावून पैसा मिळवता आला असताना त्या मुलाला शिकायला बसवलं गेलं, हे ज्यांनी केलं त्यांचे उपकार आहेत. बालगायक मास्टर मदन तर जेमतेम चौदा वर्षं जगला, १९४२ मध्ये सिमल्यात गेला. त्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या तबकड्या उरल्यात. त्यांतल्या गझला ऐका. तो घाई करत नाही. सूर ठेवतो आणि थांबतो. त्या वयाला ते थांबणं कुठून आलं असेल!

टीव्हीवर मूल पाठवणाऱ्यांनी बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम वाचावेत. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. कागदावर सही करण्याआधी हे विचारायचा हक्क आपला आहे. मुलगा असेल तर आणखी एक. बाराच्या पुढे आवाज फुटतो आणि जवळपास सप्तकभर खाली उतरतो. त्या काळात जुन्या पट्टीत गायला लावू नका, कार्यक्रम घेऊ नका. खालच्या चार सुरांत हळू गुणगुणू द्या, तबला-पेटीला बसवा, ऐकू द्या.

आणि मोबाइलचा कॅमेरा बाजूला ठेवून कधीतरी मूल खेळत असताना कान द्या. ठोकळे लावताना ते काहीतरी गुणगुणत असतं. शब्द स्वतःचे, ‘लाल वर निळा, निळा वर पिवळा’ असले, चाल कुठल्याच गाण्याची नाही. मनोरा चढतो तशी चाल चढते. ठोकळे कोसळतात, मूल क्षणभर थांबतं, आणि पहिला ठोकळा पुन्हा ठेवताना बरोबर त्याच सुरावर येतं जिथून निघालं होतं.