एकच रेघ आली म्हणजे सुटलो?

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तर तीनदा आला. म्हणणं असं : छातीत दुखलं की मेडिकलमधून ट्रोपोनिनचं कार्ड आणा, बोट टोचून रक्त टाका. 15 मिनिटांत एकच रेघ आली तर ॲटॅक नाही, गॅस. ईसीजीचा खर्च वाचला. आणि कार्ड निगेटिव्ह असूनही ॲडमिट करून घेणारा दवाखाना लुटारू.

अशोक चौकाजवळच्या लॅबमध्ये मी ही कार्डं रोज हाताळतो, म्हणून लिहितोय.

‘एक रेघ म्हणजे ॲटॅक नाही’ हे सगळ्यात घातक. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात झिरपतं, पण कार्डावर उमटण्याइतकं साठायला काही तास जातात. मागच्या उन्हाळ्यात रात्रपाळीवरचा एक यंत्रमाग कामगार आला. बनियन घामानं चिंब, डावा हात उजव्या हातानं दाबून धरलेला. दुखायला लागून पाऊण तास झाला होता. कार्डावर ‘सी’समोर, म्हणजे कार्ड नीट चालतंय हे सांगणारी, लाल रेघ; ‘टी’समोर, म्हणजे ट्रोपोनिनच्या जागी, कोरं. शेजारच्या डॉक्टरांनी काढलेल्या ईसीजीत मात्र एसटी एलिव्हेशन, म्हणजे मोठ्या ॲटॅकची खूण असलेली वर उचललेली रेषा, ढळढळीत. मेसेजवाल्याचं ऐकलं असतं तर शेंगाचटणी बाधली म्हणून तो सोडा पिऊन झोपला असता. डॉक्टरांनी माझ्या कार्डाकडे पाहिलंही नाही. ॲस्पिरिन चघळायला दिली आणि त्याला थेट मोठ्या दवाखान्यात धाडलं.

यातच ईसीजीच्या ‘बचतीचं’ उत्तर आलं. रुग्ण पोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा, आणि त्यात असं एलिव्हेशन दिसलं तर ट्रोपोनिनसाठी थांबायचं नसतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या 12 तासांत देतात, पण त्यातही दर तासाला वाचणारा स्नायू कमी होत जातो. पहिला ईसीजीसुद्धा कधी नॉर्मल येतो, म्हणून तो पुन्हा काढतात.

बोट टोचायचं म्हणाल तर काही किटना नुसतं रक्त चालतच नाही, सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी, लागतं. ते घरी कुठून काढणार?

राहिली लूट. बिलं फुगवणारे आहेतच. माझ्या आईच्या वेळी एका ठिकाणी न केलेल्या तपासणीचे पैसे लावले होते, मी भांडून कमी करून घेतले. पण निगेटिव्ह कार्डानंतर थांबवून दुसरं सॅम्पल घेणं ही लूट नाही. मोठ्या लॅबमधल्या हाय सेन्सिटिव्हिटी (अगदी थोडं ट्रोपोनिनही मोजणाऱ्या) तपासणीत 1 ते 3 तासांनी आकडा पुन्हा बघतात, साध्या कार्डाला त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. आकडा चढतोय की जागेवरच आहे, यावर निदान ठरतं. कारण दोन रेघा आल्या म्हणजेही ॲटॅकच असं नाही. किडनीच्या जुन्या पेशंटमध्ये, फुप्फुसात गुठळी अडकली तरी ट्रोपोनिन वाढतं. आठवड्यापूर्वी येऊन गेलेल्या ॲटॅकचंही रक्तात सापडतं.

म्हणून मी रिपोर्टवर दोन वेळा लिहितो : दुखणं कधी सुरू झालं आणि सॅम्पल कधी घेतलं. पहिली वेळ घरच्यांनाच माहीत असते. 108 लावा, आणि गाडी येईपर्यंत तेवढी एका कागदावर लिहून ठेवा.