मनात वाचलेलं बायबलही देवापर्यंत पोचतं

सध्या नागपुरातल्या आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मनातल्या मनात वाचलेलं वचन देव ऐकत नाही, रोज मोठ्यानेच वाचा, अशी 1 तीमथ्य 4:13 मध्ये आज्ञा आहे.’ हे चूक आहे. त्या ओवीत प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रातून मंडळीसमोर शास्त्र वाचून दाखवण्याविषयी सांगतो. तेव्हा हस्तलिखितं मोजकी होती, बहुतेकांना वाचता येत नव्हतं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. घरच्या उपासनेसाठीचा तो नियम नाही. आणि मुलासाठी प्रार्थना करणारी हन्ना आठवा (1 शमुवेल 1:13). तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज ऐकूच येत नव्हता, एली याजकाला तर ती प्यायलेली वाटली. देवाने तिचं ऐकलंच ना?

मोठ्याने वाचण्याची सवय मात्र फार मोलाची. नागपूरच्या सदर भागात आमच्या घरी आई पहाटे कूलर बंद करून, ओळीवर बोट ठेवून एक स्तोत्र वाचते. स्तोत्रात मधे ‘सेला’ हा शब्द आला की थांबते. तिच्या आवाजानेच मला कितीतरी वचनं पाठ झाली. पण शेजारी आजारी माणूस झोपला असेल, घसा बसला असेल, तर खुशाल मनात वाचा. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. मुक्या भावाबहिणींना तो किती लागत असेल!