मार्शल कोण?

रविवारी सकाळी साडेसहाला मी आमच्या सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरच्या मोकळ्या गच्चीवर, उभा राहून माणसं मोजतो. फार वेळ लागत नाही. मी, पार्ल्याचे डॉक्टर आणि डोंबिवली. डोंबिवली हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. पण इतक्या वर्षांत त्याला दुसरी हाक मारलेलीच नाही, आणि आता खरं नाव विचारायचं म्हणजे मलाच मेल्याहून मेल्यासारखं होईल. तिघांच्या वयाची बेरीज एकशे छप्पन्न. तिघांच्या हातात रिमोट आणि पायाशी खऱ्या मोटारीच्या एक दशांश मापाच्या, दीड-दीड किलोच्या तीन गाड्या. डॉक्टरांसमोर त्यांना ‘खेळणं’ म्हणायचं नाही. डॉक्टर ‘मॉडेल’ म्हणतात.

शर्यत पाच मिनिटांची. तिच्यासाठी आदल्या रात्री दोन तास गाडी उघडून बसायचं. तेवढ्या वेळात शॉकचं तेल बदलायचं, चाकाचा तिरपेपणा अर्ध्या अंशानं कमी करायचा आणि तो नीट होता असं लक्षात आल्यावर पुन्हा अर्ध्या अंशानं वाढवायचा.

पण आमचं खरं दुखणं हे नाही. आमचं दुखणं आहे मार्शल.

या शर्यतींचा एक साधा रिवाज आहे. आत्ता ज्यांची फेरी झाली, ते पुढच्या फेरीला ट्रॅकवर जागोजागी मार्शल म्हणून उभे राहतात. कुणाची गाडी उलटली की धावत जाऊन सुलट करायची, एवढंच काम. कामाला अक्कल लागत नाही, पण माणसं लागतात. निदान दोन फेऱ्या भरतील एवढी तरी. आमची भरते एक, तीही ओढूनताणून. त्यामुळे गाडी उलटली की जो तो आपापला रिमोट खाली ठेवतो, कमरेवर हात ठेवून धावत सुटतो, वाकतो, गाडी सरळ करतो, आणि उभं राहताना तोंडातून ‘आई गं’ निघतं. तोवर बाकीचे दोघे दोन फेरे पुढे. म्हणजे आमच्याकडे सर्वांत वेगवान गाडीवाला जिंकत नाही, ज्याचे गुडघे शाबूत आहेत तो जिंकतो. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हापासून गुणतक्ता पार फिरला. मला तर दाट संशय आहे की त्यांनी ते त्यासाठीच केलं.

पूर्वी माझा मुलगा मार्शल व्हायचा. दहावीत गेल्यावर तो निवृत्त झाला. आता तोही शर्यती खेळतो, पण फोनवर, पडल्या पडल्या. एकदा डोकावून पाहिलं, तर त्याची गाडी कठड्यावर आपटून कोलांट्या खात होती. मी दचकून उठलो. पण गाडी क्षणभर लुकलुकली आणि आपोआप चार चाकांवर उभी! कुणी धावलं नाही, कुणी वाकलं नाही. मी गुपचूप खोलीबाहेर आलो.

माझी पहिली गाडी मामानं १९८९ साली कुवेतहून आणली. आम्ही लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर. गाडीची किंमत कुणाला ठाऊक नव्हती, पण पाहायला तळमजल्यापासून लोक आले होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सद्दामनं कुवेत गिळलं आणि मामा वाळवंट तुडवून, अम्मानहून विमानानं, नेसत्या कपड्यांनिशी परत आला. आईनं देवापुढे साखर ठेवली, आजी त्याला कवटाळून रडली. मी त्याच्या मागे कुठे बॅग दिसते का ते पाहत होतो.

मधल्या दिवाळीत एक भानगड झाली होती. समोरच्या खोलीतल्या मुलाच्या काकानंही दुबईहून गाडी आणली. तीही माझ्यासारखीच २७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे त्याच रेडिओलहरीवर चालणारी. मी माझ्या दारात बसून गाडी पुढे दामटली, आणि समोरची गाडी त्यांच्या पलंगाखालून निघाली, उंबरठ्यापर्यंत आली, उंबरठा चढली आणि गॅलरीच्या गजांमधून खाली गेली. खाली दळण घेऊन निघालेल्या काकू होत्या. डबा वाचला नाही. त्यावर चाळ कमिटीनं वेळापत्रक ठरवून दिलं: त्याची गाडी पाच ते सहा, माझी सहा ते सात. त्याच्या तासाला मी पाहायचो, माझ्या तासाला तो. गाडी अडली की दुसरा काढून द्यायचा. मार्शल हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता, पण मार्शल होता.

पुढे खऱ्या शर्यतीच्या गाड्या हाती आल्या तरी गोष्ट तीच. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कामाचे चॅनल सहा, प्रत्येकाला एकेक रंग: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. रिमोटमध्ये आणि गाडीत त्या त्या चॅनलचं क्रिस्टल, म्हणजे लहर ठरवणारा इवलासा तुकडा, बसवायचं. दोघांकडे हिरवं असलं की एकानं थांबायचं, नाहीतर चाळीतला प्रसंग. म्हणून एका फळीवर रंगवलेले चिमटे लावलेले असत. ज्याच्या शर्टाला हिरवा चिमटा, त्यानंच हिरव्याचा रिमोट चालू करायचा. (चिमटे आमच्या आईच्या वाळवणाच्या दोरीवरचे. ती शेवटपर्यंत कावळ्यांना दोष देत राहिली.) चिमटा मिळेपर्यंत काय करणार? चहा प्यायचा, दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवायची आणि कुणी उलटला की धावायचं. सहा जण गाडी चालवत आणि दहा जण खोळंबलेले असत. त्या खोळंब्यावर आमचा सगळा डोलारा उभा होता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले. गाडी आणि रिमोट यांची एकदा गाठ बांधली की झालं, शेजारी किती का गाड्या असेनात. क्रिस्टल गेलं, फळी गेली, चिमटे गेले. त्याच सुमाराला ब्रशलेस मोटर आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हातात आल्या आणि गाड्यांना पंख फुटले. २०१०च्या आसपास कांजूरमार्गला एका बंद कारखान्याच्या आवारात रविवारी आम्ही वीस-बावीस जण असायचो. कॉलेजांच्या महोत्सवांत, आयआयटीच्या टेकफेस्टमध्येसुद्धा, इंजिनवाल्या गाड्या धावत होत्या. त्यांचं इंजिन इवलंसं, टू-स्ट्रोक. इंधन मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन, त्यात तेल कालवलेलं. आवाज कानाशी करवत धरल्यासारखा, आणि धूर असा की समोरच्या इमारतीतल्या बायका ‘पालिकेची फवारणी आली’ म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या. एक आजोबा तर खाली येऊन ‘आमच्या गटारावरही मारा’ म्हणून सांगून गेले.

त्या आवारावर आता चाळीस मजले उभे आहेत. बावीस जण कुठे गेले? काही अमेरिकेला, काही लग्नात. सात-आठ जण ड्रोनच्या नादी लागले. ‘जमिनीवर काय ठेवलंय’ म्हणून गेले आणि २०१४ साली विमान वाहतूक महासंचालनालयानं खासगी ड्रोनवरच बंदी घातली. आम्ही दुःख व्यक्त करायला फोन केले. आवाजातला आनंद लपला नसावा, कारण कुणी परत आलं नाही. आणखी काही जण क्रॉलरकडे वळले. या गाड्या दगडधोंड्यांवरून मुंगीच्या पावलांनी चढतात. मालक बाजूनं हातात रिमोट धरून चालतो, वरातीत असल्यासारखा. गाडी पडलीच तर मालक शेजारीच असतो, म्हणजे तिथेही मार्शलची गरज नाही. मुंबईत त्यांना ट्रॅक बांधायचाही खर्च नाही. गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवून दोन पावसाळे होऊ द्यायचे.

नवीन माणूस यायला गाडी परवडली पाहिजे. २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३मध्ये ७०. डॉक्टर आयुष्यभर कंठशोष करत आले की हे खेळणं नाही. सरकारला ते पटलेलं नाही. तरी पोडियमवर फेरफटका मारणारे काका लोक थांबतात, कौतुकानं पाहतात. कुणी वेग विचारत नाही, मोटर विचारत नाही. ‘कितीला पडली?’ आम्ही निम्मा आकडा सांगतो. ‘बाप रे! एवढ्यात सेकंड हँड ॲक्टिव्हा आली असती.’ गेल्या दहा वर्षांत मला अशा साधारण चाळीस ॲक्टिव्हा येऊन गेल्या.

डोंबिवलीचे हाल वेगळे. तो लोकलनं येतो. एकदा एका स्टेशनच्या पुलावर पोलिसानं त्याची बॅग उघडायला लावली. आत लाल कागदात गुंडाळलेल्या, वायरी बाहेर आलेल्या चार बॅटऱ्या.

‘हे काय?’

‘बॅटरी, साहेब.’

‘कशाची?’

इथे कुणीही शहाणा माणूस ‘गाडीची’ म्हणाला असता. डोंबिवली म्हणाला, ‘रिमोटनं चालते.’

पुढची पंचेचाळीस मिनिटं तो चौकीत बाकड्यावर होता. शेवटी त्यानं तिथल्याच फरशीवर गाडी चालवून दाखवली, तेव्हा सुटका झाली. निघताना त्या पोलिसानं विचारलं, ‘गाडी आहे म्हणता, मग ट्रेननं कशाला येता?’ आणि मग, ‘कितीला पडली?’

हाच डोंबिवली आमचा इतिहासकारही आहे. जपानच्या तामिया कंपनीनं १९७६ साली आपली पहिली रिमोट गाडी, पोर्श ९३४, काढली. ती हुबेहूब व्हावी म्हणून मालकानं खरी पोर्श ९११ विकत घेऊन पार सुटी केली. पुन्हा जोडायला पोर्शचे तंत्रज्ञ बोलवावे लागले. ही गोष्ट तो दर महिन्याला सांगतो आणि मला दर वेळी धीर येतो, कारण आमच्या घरचा मिक्सर अजून टोपलीत आहे.

आता पाकाची एक भानगड सांगून टाकतो. पोडियमच्या टाइल्स गुळगुळीत, वर धूळ. वळणावर गाडी वळण्याऐवजी नमस्कार करायची. परदेशात ट्रॅकवर साखरेचं पाणी मारतात म्हणजे टायर धरून राहतो, हे डोंबिवलीनं सांगितलं आणि ते खरं आहे. आमच्याकडे गणपतीतल्या गुलाबजामांचा पातेलंभर पाक उरला होता. तो पाण्यात सैल करून मी शनिवारी रात्री झारीनं शिंपडला. रविवारची शर्यत काय सांगू! गाड्या रुळावरून गेल्यासारख्या गेल्या, सबंध पाच मिनिटांत एकही उलटली नाही. मार्शलचा प्रश्न कायमचा सुटला म्हणून आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या.

सोमवारी सकाळी लाल मुंग्या आल्या. एक रांग जिन्यातून, एक लिफ्टच्या फटीतून, आणि सर्वांत रुंद रांग सेक्रेटरींच्या गाडीच्या जागेवरून. योगवर्गाच्या ताईंची चटई फरशीला चिकटली, ती उचलताना अर्धी वर आली. संध्याकाळी फलकावर सूचना लागली: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पोडियमवर कोणताही गोड पदार्थ ओतण्यास सक्त मनाई आहे. तसेच खेळण्यातील मोटारींचा खेळ पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.’ डॉक्टरांना त्यातला फक्त ‘खेळण्यातील’ हा शब्द लागला.

दोन महिन्यांनी, माझ्या चकरा, हिची मध्यस्थी आणि चतुर्थीचे एकवीस मोदक यांच्या जोरावर परवानगी मिळाली. अट एकच: रविवारी एक तास, आणि आम्ही काही ओतत नाही ना हे पाहायला वॉचमनमामांनी जातीनं तिथे उभं राहायचं. म्हणजे सेक्रेटरींनी स्वतःच्या सहीनं आम्हाला मार्शल दिला!

मामा साताऱ्याकडचे, अबोल. पहिल्या रविवारी नुसते उभे राहिले. दुसऱ्या रविवारी माझी गाडी त्यांच्या बुटाशी येऊन उताणी झाली, ती त्यांनी काठीच्या टोकानं सुलट केली. तिसऱ्यापासून ते वळणावर जाऊन उभे राहू लागले, आणि तोंडात शिट्टी.

मग एका रविवारी ऐन शर्यतीत डॉक्टरांना पेशंटचा फोन आला. त्यांनी रिमोट मामांच्या हातात कोंबला, ‘नुसता धरा’ म्हणून. मामांनी धरला आणि चालवला. या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट अशी की गाडी पाठमोरी जाते तेव्हा उजवं ते उजवं, पण तीच समोरून आपल्याकडे यायला लागली की सगळं उलटं. यात मी सहा महिने आणि तीन बंपर घालवले. मामांची गाडी समोरून आली, वळणावर अंग चोरून आत घुसली आणि डोंबिवलीच्या पुढे निघाली. पाच मिनिटं संपली तेव्हा ते माझ्या दीड फेरा पुढे होते.

‘मामा, हे कसं जमलं?’

‘त्यात काय सायेब,’ मामा म्हणाले, ‘समोरून येनाऱ्या गाडीला डावं-उजवं सांगायचं, ह्ये तर आमचं रोजचंच.’ बारा वर्षं ते आमच्या गाड्या पार्किंगमध्ये ‘आनू द्या, आनू द्या, राइट मारा’ करत लावून घेतायत. दोनशे जणांचा डावा-उजवा त्यांच्या डोक्यात उलटा बसलेला आहे.

त्या रात्री मी माळ्यावरून माझी जुनी गाडी काढली, टायर बदलले, बॅटरी मातीच्या कुंडीत ठेवून चार्जिंगला लावली (लिपो पेटलीच तर कुंडीत पेटावी, म्हणून, तुळशीची नव्हे, रिकामी) आणि डोंबिवलीला फोन लावला.

‘पुढच्या रविवारी चार गाड्या!’

‘चौथी कुणाची?’

‘मामांची. जुनी देऊन टाकली त्यांना. किती वर्षांनी नवा माणूस आला बघ!’

‘वा!’ तो म्हणाला. मग थोडा वेळ फोनवर नुसती लोकलची खडखड ऐकू आली. ‘पण मग मार्शल कोण?’