उरलेल्या कॅप्सूलचा सदुपयोग

घसा खवखवतोय? नाक वाहतंय? मग डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा? कपाटात मागच्या खेपेच्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल पडलेल्या असतीलच. त्या कशासाठी दिल्या होत्या हे आठवत नसेल तर फारच छान. आजार विसरला तरी औषध हाताशी आहे, म्हणजे निम्मं निदान झालं.

कुणी अतिशहाणा सांगेल की सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते. पेनिसिलिनच्या कुळातलं हे औषध जिवाणूंची पेशीभित्तिका उभी राहू देत नाही. विषाणूंना मुळात पेशीभित्तिकाच नसते, मग ते तिथे अडवणार काय? असल्या तपशिलात पडू नका. आठवड्याभरात सर्दी आपली आपण उतरेल आणि श्रेय कॅप्सूलला मिळेल. औषधाची कीर्ती अशीच तर पसरते. त्यातून घसा एप्स्टीन-बार विषाणूने धरला असेल तर बहारच. त्या आजारात अमॉक्सिसिलिन घेतलं की पुष्कळांच्या अंगभर लाल पुरळ उठतं. ते पाहून लगेच जाहीर करा, ‘मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे.’ एकदा केलेली घोषणा जन्मभर पुरते.

ॲलर्जीबाबत दुसरंही धोरण आहे. ज्याला खरोखरच औषध घेतल्यावर तासाभरात गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, श्वास कोंडला होता, त्याने मात्र त्याबद्दल चकार शब्द काढू नये. डॉक्टरांनी विचारलंच तर ‘तसं विशेष काही नाही’ म्हणावं. वेष्टनावर कंपनीने ठेवलेलं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि आतला घटक बारीक अक्षरांत. आपण मोठ्या अक्षरांचा मान राखावा. पुन्हा तसंच झालं तर ताबडतोब मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन द्यावं लागतं, पण तेव्हा धावपळ इतर लोक करतील. तुम्हाला बोलता येत नसेल, त्यामुळे इतिहास सांगण्याचा प्रश्न तेव्हाही येणार नाही.

उलट ज्याचं नुसतं पोट बिघडलं होतं किंवा मळमळलं होतं, त्याने ॲलर्जीचा बिल्ला छातीवर मिरवावा. असा शिक्का बसलेल्या लोकांची रीतसर तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना पेनिसिलिन बिनबोभाट चालतं असं आढळतं. पण तपासणी करायचीच कशाला? शिक्का राहिला की साध्या औषधाऐवजी जास्त व्यापक मारा करणारी अँटिबायोटिक्स मिळतात. आपली प्रकृती किती नाजूक आहे याचा पुरावाच म्हणा ना.

आता डोस. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर साधारण तासाभरात रक्तातलं अमॉक्सिसिलिन निम्म्यावर येतं. हे औषध जिवाणू मारतं ते एकदम जोर लावून नव्हे, तर रक्तात पुरेशा पातळीला तग धरून. म्हणूनच ते दिवसातून दोन-तीनदा वाटून देतात. तुम्ही सकाळची विसरा, दुपारची टाळा आणि रात्री तिन्ही एकदम गिळा. बेरीज तर बरोबर येते! बेरजेवरून आठवलं. अमॉक्सिसिलिन तोडणारं जिवाणूंचं विकर (एन्झाइम) रोखायला क्लॅव्हुलॅनिक ॲसिड मिसळलेल्या गोळ्यांवर ६२५ किंवा ३७५ असे आकडे असतात. पहिलीत अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, दुसरीत २५०. ॲसिड मात्र दोन्हींत १२५. म्हणून ६२५ची जागा ३७५च्या दोन गोळ्या भरून काढत नाहीत, ॲसिड तेवढं दुप्पट होतं आणि जुलाब लागण्याची शक्यता वाढते. गणितात हुशार माणसांनी हा प्रयोग जरूर करावा.

मूत्रपिंडं दुबळी असतील तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा दोन डोसांतलं अंतर वाढवतात. ते डॉक्टर कंजूष असतात. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन किंवा सांधेदुखीवर देतात ते मेथोट्रेक्सेट चालू असेल तर तेही सांगू नका. उगाच रक्ताच्या तपासण्या वाढतात. मुलांचं सिरप? ते वजनावर ठरतं म्हणे. तुम्ही हाताला येईल तो चमचा घ्या, बाटली हलवू नका, आणि पाणी घातल्यावर एक-दोन आठवड्यांत टाकून द्यायचं ते औषध पुढच्या हिवाळ्यापर्यंत धाकट्यासाठी जपून ठेवा.

किती दिवस घ्यायचं, हा तर अगदीच किरकोळ प्रश्न. स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा सुजला असेल तर पुढे संधिवाती ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू नयेत म्हणून बहुधा दहा दिवस देतात. मुलांच्या साध्या न्यूमोनियाला अनेकदा तीन ते पाच दिवसही पुरतात. एवढा भेदभाव कोण लक्षात ठेवणार? सगळ्यांना एकच नियम ठेवा: बरं वाटलं की थांबायचं, उरलेल्या कपाटात. साठा टिकला पाहिजे.

१९४५ साली नोबेल स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी भाषणात एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणून अपुरं घेतो, आतले स्ट्रेप्टोकोकस मरण्याऐवजी निगरगट्ट होतात आणि त्याच्या बायकोला जडतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, ती जाते. काय हा निराशावाद, तोही सत्काराच्या प्रसंगी! शिवाय त्यांनी जंतूही चुकीचा निवडला, कारण घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकोकस आजही पेनिसिलिनला दबतो. इतर जंतूंनी मात्र गोष्ट मनावर घेतली. मूत्रमार्गात शिरणारा ई. कोलाय औषधाचे तुकडे करणारं विकर बाळगून अमॉक्सिसिलिनला इतक्या ठिकाणी जुमानेनासा झाला आहे, की तपासणीशिवाय ते एकटं देण्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा कामगिरीत आपला खारीचा वाटा आहे, याचा अभिमान बाळगा.

एवढं करूनही ताप हटलाच नाही तर डॉक्टरकडे जा. ‘आधी काही घेतलं होतं का?’ असं ते विचारतील. ठामपणे ‘काहीच नाही’ म्हणा. पोटातल्या चार कॅप्सूलमुळे कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, जंतू उगवणार नाहीत, डॉक्टर भलत्याच आजारांचा माग काढत बसतील, तपासण्यांची यादी वाढेल. यादी हातात पडली की तावातावाने विचारायचं, ‘साध्या तापाला एवढ्या तपासण्या कशाला?’