बहात्तर तासांच्या गोळीबद्दल फिरणारा तो मेसेज

संबंधांनंतर गर्भ राहू नये म्हणून तीन दिवसांच्या आत घ्यायच्या गोळीबद्दल आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. "बहात्तर तासांची गोळी म्हणजे गर्भपाताचीच गोळी. एकदा घेतली तरी पुढे मूल होत नाही. बिनलग्नाच्या मुलीला ती विकणं गुन्हा आहे. तरी गोव्यात चॉकलेटसारखी मिळते, म्हणून कॉलेजच्या मुली बिघडल्या." मी डिचोली तालुक्यात फार्मसी चालवते. हाच मेसेज मला एका मुलीनेही पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, हे खरं का?"

नाही, खरं नाही. गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही औषधं असतात, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. बहात्तर तासांच्या गोळीत असतं १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन. ते बीजांड बाहेर पडणं लांबवतं. गर्भ आधीच रुजलेला असेल, तर ही गोळी त्याला काहीही करत नाही.

मूल न होण्याची भीतीही निराधार आहे. पुढची पाळी थोडी मागेपुढे होते, एवढंच. मात्र दर महिन्याला हीच गोळी घेत राहिलं, तर पाळीचा ताळमेळ सुटतो. शिवाय नेहमीच्या साधनांइतकी ती भरवशाची नाही, आणि संसर्गापासून वाचवते ते फक्त निरोध.

गुन्ह्याचं म्हणाल, तर २००५ पासून ही गोळी चिठ्ठीशिवाय विकता येते. लग्न झालंय का, हे विचारायला कुठलाही कायदा सांगत नाही.

आता ते 'चॉकलेटसारखी मिळते'. याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

जूनमध्ये दुकान बंद करायच्या वेळेला हीच मुलगी आली होती. ताळगाव पठारावर विद्यापीठात शिकते. तिचं गाव सांगत नाही. आधी क्रोसिन घेतली, मग पट्टी, मग दुकानातली दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत पावसाकडे बघत उभी राहिली. मग विचारलं, "ताई, उशीर झाला का?" साठ तास उलटून गेले होते. पहिल्याच दिवशी ती एका फार्मसीत गेली होती. तिथल्या माणसाने सगळ्यांदेखत विचारलं, "कोणासाठी? लग्न झालंय?" ती तशीच परत फिरली. गावातला फार्मसीवाला बाबांच्या ओळखीचा, म्हणून तिथे जायचा प्रश्नच नव्हता. शेवटी जिथे कोणी ओळखत नाही, तिथे बस बदलून आली. गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी लागू पडते, आणि तिचे निम्म्याहून जास्त तास लाजेत गेले. पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडून तांबी बसवून घेतली, तर ती या गोळीहून खूपच खात्रीची. हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

मुली 'बिघडण्याबद्दल' २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला सॅन फ्रान्सिस्कोतला एक अभ्यास आहे. पंधरा ते चोवीस वयाच्या २,११७ मुलींचा. ज्यांना गोळी आधीच हातात दिली होती, त्यांनी निष्काळजीपणा वाढवला नाही.

त्या मुलीला मी हे सगळं लिहून पाठवलं. तुम्हालाही सांगते: गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली, तर दुसरी घ्या. तीन आठवड्यांत पाळी आली नाही, तर टेस्ट करा. आणि माझ्या काउंटरवर गोळीचं नाव घ्यायला अवघडल्यासारखं झालं, तर मोबाइलवर लिहून दाखवा. मी कागदी पिशवीत घालून देते.