पोरांसाठी कापलं की आपल्यासाठी?

२०२५ च्या जुलैत नवा सुपरमॅन आला आणि भारतात सेन्सॉरने त्यातलं ३३ सेकंदांचं चुंबन कापलं, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला होता. भाचेमंडळी म्हणत होती की अख्ख्या बिल्डिंगी कोसळलेल्या चालतात आणि चुंबन चालत नाही, काय जोक आहे, आणि त्या सगळ्यात काकांचा एकच मेसेज आला, "बरं झालं कापलं, निदान नातवंडांबरोबर बसून बघता तरी येतो." झालं, सगळे काकांवर तुटून पडले. मीही इकडून, ब्रिटनमधून, एक हसरा चेहरा चिकटवून दिला. पण नंतर वाटत राहिलं की त्या अख्ख्या वादात प्रामाणिक बोलले ते काकाच. पोरांवर परिणाम होतो वगैरे ते म्हणालेच नाहीत, मला शेजारी बसवत नाही म्हणाले.

आम्ही तो सिनेमा इथे थेटरात न कापलेला बघितला, १२ए होता, म्हणजे बाराच्या आतल्या मुलांबरोबर मोठं माणूस पाहिजे. मुलगी तेव्हा नऊची. चुंबन आलं तेव्हा तिने "ईऽऽ" केलं आणि विषय संपला. पण त्यात एक सीन आहे, व्हिलन एका साध्या निरपराध माणसाला सुपरमॅनच्या डोळ्यांसमोर पिस्तूल लावून मारतो, त्याचा काही दोष नसतो, फक्त सुपरमॅनला मदत केलेली असते. त्याच्यानंतर तीन रात्री ती मला विचारत होती, त्या काकांना का मारलं, त्यांनी काय केलं होतं, सुपरमॅनला का वाचवता नाही आलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि ग्रुपवर त्या दोन दिवसांत त्या माणसाबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

यात चूक माझीच. इथलं सिनेमांना वयाचा दाखला देणारं बोर्ड, बीबीएफसी, प्रत्येक सिनेमाबद्दल साइटवर सविस्तर लिहितं, मारामारी कशी आहे, रक्त दिसतं का, भीती वाटेल असं काय, शिव्या कुठल्या पातळीच्या. दोन मिनिटांचं वाचन. मी फक्त पोस्टरवरचा आकडा बघितला आणि तिकिटं काढली. इथे राहून ही एक सवय लागते बघा, आकडा दिलाय ना, मग झालं, आपण विचार करायची गरज नाही. यू म्हणजे चार वर्षांपासून पुढे कोणालाही चालेल, पीजी म्हणजे साधारण आठ वर्षांचं मूल अस्वस्थ होऊ नये, असं सगळं त्यांनी ठरवून लिहून ठेवलंय, पण ते साधारण मूल कोणाच्या घरी असतं ते मला अजून सापडलेलं नाही. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना राक्षस-भुतं बघून खदखदून हसायचा आणि एका यू सिनेमात पिल्लाची आई हरवली तर त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं होतं.

तिकडे वाद असतो तो कापायचं की नाही याचा, आणि तो वर्षानुवर्षं तसाच चाललाय. गंमत म्हणजे नावातून सेन्सॉर शब्द दोन्हीकडे कधीच गेलाय, भारतात १९८३ मध्ये बोर्डाचं नाव बदलून सर्टिफिकेशन झालं, इथेही त्याच सुमारास सेन्सॉर्स जाऊन क्लासिफिकेशन आलं. पण आपण अजून सेन्सॉरच म्हणतो, आणि चुकीचं तरी कसं म्हणायचं, ३३ सेकंद कापल्यावर दुसरं काय म्हणणार. त्याच १९८३ मध्ये यूए आलं, बाराच्या आतल्यांनी आईवडिलांच्या सल्ल्याने बघावं असं. आता आईवडिलांनी सल्ला द्यायचा म्हणजे त्यांना आत काय आहे ते माहीत हवं ना? ते कोणी सांगायचं? त्यामुळे यूए म्हणजे व्यवहारात "चला सगळे" असंच झालं. २०१७ मध्ये बाहुबलीचा दुसरा भाग तिकडे यूए होता, माझ्या आठ वर्षांच्या भाच्याने तो दोनदा बघितला, मुंडकी उडताना टाळ्या वाजवत. सिंगापूरला तोच सोळाच्या आतल्यांना बंद आणि इथे ब्रिटनमध्ये १५, म्हणजे पंधराच्या आतल्यांना बंद. तरी भाच्याचं काही बिघडलं नाही, गुणी मुलगा आहे, पण ते नशीब म्हणायचं की काय ते मला ठरवता येत नाही.

उलट २०१६ मध्ये द जंगल बुकला भारतात यूए दिलं, मुलं घाबरतील म्हणून, तेव्हा सगळे हसले, मीपण हसले. नंतर बघितलं तर ब्रिटनमध्येही तो यू नव्हता, पीजी होता! म्हणजे निर्णय जवळपास तोच, इथे मात्र कोणी हसलं नाही, कारण इथे सोबत कारण लिहिलेलं असतं, आणि लोकांना ते वाचायची सवय आहे. आणि इथले लोक फार शहाणे असं काही नाही हं. सशांचा एक कार्टून सिनेमा आहे, वॉटरशिप डाउन, १९७८ चा, रक्तबंबाळ ससे, तरी यू. इथली माझ्या वयाची माणसं अजून सांगतात की लहानपणी तो बघून झोप उडाली होती. त्याला पीजी करायला बोर्डाला ४४ वर्षं लागली, २०२२ मध्ये केला. मेरी पॉपिन्सलाही २०२४ मध्ये यू चा पीजी झाला, आफ्रिकेतल्या लोकांसाठी वापरलेल्या एका जुन्या हिणकस शब्दामुळे. त्यावर पण इकडच्या लोकांनी पुरेसा गोंधळ घातला, आपल्यासारखाच.

आणि इथला १५ चा नियम तर मला पटतच नाही. थेटरात चौदा वर्षं अकरा महिन्यांचं पोरगं आईच्या हाताला धरून आलं तरी आत सोडत नाहीत. मुलाबरोबर शाळेतल्या दादागिरीवरचा एक सिनेमा बघायचा होता, मुद्दाम, कारण त्याच्या वर्गात तसलं काहीतरी चाललं होतं, दारातून परत आलो. दोन महिन्यांनी तोच घरी स्ट्रीमिंगवर आला, तिथे अडवायला कोण आहे. तेव्हा भारतातलं नवीन जे आहे, २०२३ च्या कायद्याने आलेलं, यूए चे तीन भाग, ७, १३ आणि १६, आणि तो आकडा आईवडिलांना सांगण्यापुरता, दारात अडवण्यासाठी नाही, ते मला खरंच आवडलं. आकडा तुमचा, जबाबदारी आमची. फक्त त्या आकड्याच्या मागे का ते चार ओळींत साध्या मराठीत लिहा, हिंदीत लिहा, आणि मग कापाकापी सोडून द्या. आता कोणी म्हणेल की मग लोक तीन वर्षांचं पोर घेऊन रात्रीच्या १६ च्या शोला जातील. जातील. आत्ताही जातातच.

ओटीटीचं तर विचारूच नका. २०२१ च्या नियमांपासून तिथेही हेच वयाचे गट आहेत आणि १३ आणि त्याच्या पुढच्या गटांना लॉक द्यायचं बंधन आहे, पण माझ्या भावाच्या घरी त्या लॉकचा पिन त्याच्या पोराला पाठ आहे, दादालाच माहीत नाही. काही लावायचं असलं की दादा पोराला हाक मारतो.

तर काका मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. एका संध्याकाळी सगळे मिळून सिनेमा लावला, यावेळी मी आधी वाचलं होतं बरं का, एक साधं चुंबन आहे असं त्यात लिहिलेलं होतं, मी काकांना काही बोलले नाही. तो सीन आल्याबरोबर काका चष्मा शोधायला लागले, चष्मा डोळ्यावरच होता. मुलीने थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, संपलं, आता बघा."