येळवशीच्या कोपीला कडबा कुठून आणायचा?

मार्गशीर्ष अमावस्या जवळ आली की लातूर-धाराशिवकडच्या पोरांच्या स्टेटसला येळवस, म्हणजे शिवारात कडब्याची कोप (खोपटं) उभारून करायचा सण, लागते. पुण्याला, बंगळूरला नोकरीला असलेली लेकरं सुटी टाकून गावाकडं येतात. कोपीपुढं रील, आंबिलीचं बिंदगं (छोटी घागर) डोक्यावर घेऊन फोटो, मागं ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’चा गजर. त्यावर ठरलेल्या दोन कमेंटी पडतात : ‘सणाचा तमाशा केला’ आणि ‘संस्कृती जिवंत आहे’. मला दोन्ही पटत नाहीत. पोरांच्या जीन्सवर आणि पिझ्झ्यावर आपण वाद घालत बसलो. इकडं जागतिकीकरण सोयाबीनच्या थैलीतून कधीच शिवारात आलं होतं.

कोप उभी राहते कडब्याच्या पेंढ्यांवर. कडबा ज्वारीचा, तोही उंच वाढणाऱ्या मालदांडीसारख्या रब्बी वाणाचा. जूनमध्ये सोयाबीन टाकलं की ते शंभरेक दिवसांनी, ऑक्टोबरात निघतं. रब्बी ज्वारीची पेरणी मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. रान मोकळं होईतो वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उडालेला असतो, म्हणून मागं हरभरा पेरतात. शिवाय ज्वारीला काढणीची मजुरी जास्त, पाखरांची राखण वेगळी, आणि ट्रॅक्टर आल्यापासून दावणीला कडबा खाणारे बैलही नाहीत. शेतकऱ्याचा हिशोब चुकलेला नाही. पण त्या हिशोबाच्या दोऱ्या दूर कुठंतरी आहेत : शिकागोचा वायदे बाजार, ब्राझीलचं पीक, इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल. २०२१ च्या ऑगस्टात लातुरात सोयाबीन क्विंटलला १० हजारांवर गेलं, केंद्रानं १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली आणि दिवाळीच्या आतच भाव निम्म्यावर आला.

ज्वारी गेली तसे तिच्यासोबतचे शब्दही गेले. बुचाड, तिवडा, मातरं, वळई (कडब्याची रचलेली गंजी). विशीतल्या पोराला यातलं काही माहीत नसेल तर तो इंग्रजी शाळेत गेला म्हणून नव्हे. त्यानं खळंच बघितलेलं नाही. त्याला ‘हुरडा पार्टी’ ठाऊक आहे, माणशी दर ठरवून. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं तशी हीच ज्वारी ‘मिलेट’ होऊन, पास्त्याच्या पाकिटात बसून मॉलमधून परत आली. आजीची भाकरी नको म्हणणारं लेकरू ते पाकीट कौतुकानं घेतं. हसू येतं, पण रागावण्यासारखं त्यात काही नाही.

एक गोष्ट मात्र अभिमानवाल्यांनी ध्यानात ठेवावी. हा सण बीदर-कलबुर्गीकडंही आहे, कानडीत त्याला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. ‘येळवस’ त्याच्याच जवळचं नाव, तेव्हा पुण्यातल्या मित्रांनी हसू नये म्हणून ‘वेळा अमावस्या’ असं शुद्ध करून सांगायची गरज नाही. येळवसच म्हणा.

खरं शिकायचं असेल तर भज्जीपासून सुरू करा, कारण तिथंच रीलवाले फसतात. दहा माणसांना तूर, वाल, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे मिळून सव्वा किलो, मेथी-चुक्याच्या दोन-दोन जुड्या आणि पाव किलो डाळीचं पीठ. आधी तूर आणि वाल शिजवा. चिंचेचा कोळ दाणे मऊ झाल्यावरच. आधी घातला तर तूर शेवटपर्यंत कचकच लागते. पीठ गार पाण्यात कालवून सगळ्यात शेवटी सोडायचं आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात नि बुडाला करपतं. आंबिलीचंही तसंच. ज्वारीचं पीठ आदल्या रात्री भिजवायचं, सकाळी पातळ शिजवायचं आणि पूर्ण निवल्यावर ताक घालायचं. गरमात घातलं की ताक फाटलंच. लसूण-जिरं वाटून त्यावर.

आणि कडबा? दुसऱ्याच्या वळईतून विकत आणून फोटोपुरती कोप होते. घरचा हवा असेल तर दोन गुंठे बाजूला काढा. त्यात जूनला सोयाबीनऐवजी मूग. तो ६५-७० दिवसांत निघतो आणि सप्टेंबरात रान रिकामं मिळतं. एकरी ४ किलोच्या हिशोबानं २०० ग्रॅम बी पुरतं. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत १५. सप्टेंबरच्या मध्याआधी घाई करू नका, खोडमाशी रोपांचे पोंगे (कोवळे शेंडे) मारते. एवढ्यात ज्वारीची तीन हजारांच्या आसपास ताटं (धांडं) उभी राहतात. ती वाळवून ठेवली की पुढच्या येळवशीची कोप होऊन जनावरालाही उरतं. अडचण पाखरांची आहे. सगळ्या सोयाबीन-हरभऱ्याच्या शिवारात एकटं ज्वारीचं ठिगळ दिसलं की चिमण्या कणसात दाणा ठेवत नाहीत. म्हणून चार भावकीनं लागून-लागून पेरावं, राखणही वाटून घेता येते.

घरी आत्ताच सांगून ठेवा. जूनमध्ये एकदा सोयाबीनचं पेरणीयंत्र बांधापर्यंत फिरलं की ते दोन गुंठे त्या वर्षी परत हाती येत नाहीत.